घड्याळजींचा वाटाणा

पडदा वर जातो. सकाळ. मागे जुन्या गोदामाची विटांची लांबलचक भिंत, तिच्या पायथ्याशी दोऱ्या बांधून आखलेले जमिनीचे तुकडे. डावीकडे अवजारांची पत्र्याची खोली, उजवीकडे एक गळका नळ. नळाची टपटप सोडली तर सगळं शांत. रंगमंचाच्या मधोमध, घडी घातलेल्या टॉवेलवर गुडघे टेकून बसलेले एक काटकुळे गृहस्थ. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजव्या डोळ्यात काळं भिंग, हातात बारीक चिमटा. ते चिमटा मातीत घालतात, एक वाटाणा बाहेर काढतात, भिंगासमोर धरून चारही बाजूंनी न्याहाळतात. मग, खोटं सांगत नाही, तो वाटाणा कानाला लावतात. ऐकतात. मान हलवतात. वाटाणा पुन्हा खड्ड्यात ठेवतात आणि वरची माती बोटाने अशी सारखी करतात, जणू डबीला झाकण बसवलं.

उभी हयात माझी नाटकात गेली. मी राजे पाहिले, वेडे पाहिले, वेडाचं सोंग घेतलेले राजे तर कितीतरी पाहिले. पण असा प्रवेश कधी पाहिला नव्हता. हातातली झारी तशीच धरून मी विचारलं, "घड्याळजी, हे काय चाललंय?"

"चाललंय का, तेच बघतोय, ताई," ते म्हणाले, आणि पुढचा वाटाणा उपसायला वाकले.

ही जमीन आमच्या वस्तीची. तिचे तुकडे पाडून दर वर्षी लोकांना भाड्याने देतात. कुणी पालक लावतं, कुणी फुलं, मी घेवडा लावते, कारण घेवडा चढतो आणि चढणाऱ्यांबद्दल मला पहिल्यापासून जिव्हाळा आहे. या राज्याचा कारभार मोठ्या बाई बघतात. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. अवजारांच्या खोलीच्या दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात नियम लिहिलेले आहेत. त्यातला सगळ्यांत कडक असा, की पेरणीनंतरच्या पाहणीत ज्याच्या तुकड्यात काही उगवलेलं दिसणार नाही, त्याचा तुकडा रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळेल. रांग मोठी आहे. लोक नाव घालतात आणि मग म्हातारे होतात.

घड्याळजींच्या शेजारचा तुकडा माझा. खरं तर त्यांचा तुकडा त्यांचा नव्हेच, तो वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. वहिनी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. दिवसभर चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं पांढरं. "डोळ्यांना हिरवं काहीतरी हवं हो," असं म्हणून त्यांनी रांगेत नाव घातलं तेव्हा त्यांची मुलगी दोन वेण्या घालून शाळेत जात होती. तुकडा हाती आला तेव्हा त्या मुलीची मुलगी दोन वेण्या घालत होती. त्यानंतर वहिनींनी एक हंगाम रिकामा जाऊ दिला नाही.

आणि घड्याळजी? ते दुकानात. दुकान कसलं, चपलांचं दुकान आणि औषधाचं दुकान यांच्यामध्ये उरलेली फट होती ती. आडवं वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे. भिंतीवर गिऱ्हाइकांची घड्याळं टांगलेली, दुरुस्तीनंतर नजरेखाली ठेवलेली, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. "घड्याळजी, किती वाजले?" असं कुणी विचारलं की ते स्टुलावरून उठायचे, बाहेर यायचे, समोरच्या बँकेच्या घड्याळात बघून सांगायचे. हात सोन्याचा. पण घड्याळ कधी मिळेल विचारलं तर उत्तर ठरलेलं, "परवा या." त्यांचा परवा कधी उजाडायचा ते देवालाच ठाऊक. माझ्या आईचं मनगटी घड्याळ त्यांनी परवा देतो म्हणून घेतलं आणि ते परत आलं तेव्हा मी तरुण नायिकेच्या भूमिका सोडून तिच्या आत्याच्या भूमिका करू लागले होते. पण आजही ते घड्याळ मिनिटाने चुकत नाही, हेही सांगायला हवं.

पुढे लोक वेळ फोनवर बघू लागले. घड्याळजींनी दुकान बंद केलं, उरलेली घड्याळं एका पत्र्याच्या डब्यात भरली आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे काय, वहिनींच्या पायांत पायांत येऊ लागले. नळ ठीक असताना नळ उघडला. मिक्सर ठीक असताना मिक्सर उघडला. मिक्सर पुन्हा जुळवल्यावर एक स्क्रू उरला, तर म्हणाले, "कंपनीने जास्तीचा दिला होता."

घरातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ मात्र त्यांनी पार वर, छताला टेकेल असं टांगलं होतं. का, तर खाली टांगलं की पाहुणे काचेचं दार उघडून काट्यांना बोटं लावतात. त्या घड्याळाला चावी द्यायला वहिनी स्टुलावर चढल्या, स्टूल डुगडुगलं, आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं.

हाड जोडलं गेलं. पण पाय महिनोन्‌महिने उशीवर. घड्याळजींनी त्याच दिवशी ते घड्याळ उतरवून जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलं. तसंच ते अजून आहे. घरात शिरणाऱ्याला वेळ बघायला वाकावं लागतं. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. बोलायचे फक्त एवढंच, "तुझ्या बागेचं मी बघतो. तू काळजी करू नकोस."

वहिनींना काळजी तिथेच लागली. तरी इलाज नव्हता. वाटाण्याची आणि गाजराची पाकिटं त्यांच्या हाती देऊन त्या म्हणाल्या, "अहो, नीट ऐका. बी टाका, पाणी घाला आणि घरी या. तिसरं काही करू नका."

पहिली दोन कामं घड्याळजींनी अशी केली की बघत राहावं. पट्टी लावून रांग, प्रत्येक वाटाणा सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर. गाजराचं बी म्हणजे धुळीचा कण, तेही चिमट्याने एकेक ठेवलं. पण तिसरं काही न करणं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. जन्मभर जे बंद आहे ते उघडायचं आणि आत काय चाललंय ते बघायचं, हाच धंदा. माती म्हणजे त्यांना झाकण दिसत होतं.

संध्याकाळी वहिनी विचारायच्या, "उगवलं का हो?"

"परवा," घड्याळजी म्हणायचे.

माझा घेवडा वर आला. पलीकडचा पालक वर आला. कुणी न लावलेलं गवतही वर आलं. घड्याळजींची जमीन मात्र इस्त्री केल्यासारखी सपाट. रोज सकाळी भिंग, चिमटा, टॉवेल. मी रागावले की ते लहान मुलासारखे मान खाली घालायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"घड्याळजी! काल काय कबूल केलंत?"

"सगळे नाही उघडले, ताई. एकच उघडला. नमुन्याला."

"आणि तो शेजारचा खड्डा?"

"तो ह्याच्याशी ताडून बघायला."

कुंपणाबाहेर आणखी एक पात्र रोज हजर असे. लग्नांत फोटो काढणारा फोटोग्राफर. रांगेत पुढचा नंबर त्याचा, म्हणून आम्ही सगळे त्याला 'पुढचा नंबर' म्हणत असू, आणि त्यालाही ते नाव आवडू लागलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त भुकेला होता. येऊन उभा राहायचा, एक डोळा मिटायचा, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करायची आणि त्यातून घड्याळजींच्या सपाट जमिनीकडे बघायचा.

"काका, इथे टोमॅटो छान दिसतील," तो म्हणायचा. "उजेड डावीकडून येतो."

"तुमचा नंबर आला की लावा," घड्याळजी म्हणायचे.

"कधी येईल?"

"परवा," एका शुक्रवारी ते सवयीने बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांचा चेहरा उतरला. कारण मोठ्या बाईंनी पाहणीसाठी रविवार जाहीर केला होता आणि रविवार खरोखरच परवा होता.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे, कोपऱ्यात जमिनीवरचं ते घड्याळ. वहिनी काठी घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत चालत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. खिडकीशी पोचून त्यांनी गजाला धरलं आणि मला म्हणाल्या, "आज इथवर. मग जिना. मग रस्ता. वाटाणा फुलावर येईल तोवर मी फाटकापर्यंत येते बघा." मग हळूच, घड्याळजी स्वयंपाकघरात आहेत हे बघून, "ताई, खरं सांगा. काही उगवलंय का? तो तुकडा गेला तर मी हे पाऊल टाकू कशासाठी? नळावर जाण्यासाठी?"

मी काय सांगणार! रंगभूमीवर खोटं बोलण्याचे पैसे मिळतात म्हणून सोपं जातं. मी म्हटलं, "उद्या दिसेल." आणि उद्या काहीतरी दिसलंच पाहिजे, असं ठरवून जिना उतरले.

रविवारी पहाटेच मी कामाला लागले. नाटकात आम्ही पुठ्ठ्याच्या झाडाखाली बसून प्रेक्षकांना सावली दिली आहे; वाटाण्याच्या चार रांगा उभ्या करणं म्हणजे काय मोठं! शेजारपाजारच्या तुकड्यांतून कोवळे शेंडे मागितले, काही न मागता घेतले, आणि घड्याळजींच्या मातीत ओळीने खोचले. वरून झारीने पाणी मारलं. देखावा असा उभा राहिला की टाळी पडावी. मला त्याचं आजही काही वाटत नाही. घड्याळजी आले, बघून थबकले. "ताई, हे…"

"गप्प राहायचं. तुम्हाला संवाद नाहीत."

मोठ्या बाई आल्या. हातात छत्री, पावसासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. मागून कुंपणापलीकडे पुढचा नंबर, बोटांची चौकट डोळ्यांशी. बाईंनी छत्रीचं टोक पहिल्या रांगेवरून फिरवलं, दुसऱ्या रांगेवरून फिरवलं. उन्हाने एकदोन नट मान टाकू लागले होते, पण बाईंचा चष्मा पुसलेला नव्हता. "ठीक," त्या म्हणाल्या, आणि पुढे निघाल्या.

मी श्वास सोडला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, ही माझी नाहीत."

मी विंगेतून करतात तसे हातवारे केले. पण घड्याळजी माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी एक शेंडा अलगद उपटला आणि पुढे धरला. "हे बघा, खाली मूळ नाही. ही ताईंची माया आहे, माझं पीक नाही. रिकाम्या डबीवर काटे बसवून मी आजवर कुणाला घड्याळ दिलं नाही. उशिरा दिलं. पण असं नाही दिलं."

"उशिरा दिलंत हे मला माहीत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "शाळेचं घड्याळ अजून यायचंय. मग तुमचं काय आहे?"

घड्याळजी टॉवेलवर बसले. भिंग लावलं, चिमटा घातला, आणि एक वाटाणा वर काढून बाईंच्या पुढ्यात धरला. "हे माझं."

"मला काही दिसत नाही."

"भिंग लावा."

ज्यांच्या नुसत्या चाहुलीने वर्ग गार पडायचे, त्या मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळ्यात ते काळं भिंग बसवलं. भिंग पडू नये म्हणून सगळा चेहरा एका बाजूला आवळावा लागतो. आम्ही कुणी हसलो नाही. आमचं वय झालंय, पण जीव प्यारा आहे.

"मूळ आहे," बाई अखेर म्हणाल्या. "बारीक आहे. पण आहे. आणि त्याच्या शेजारी ओरखडा कसला?"

"चिमट्याचा."

"कालचा?"

"कालचा. आणि परवाचा. रोज बघतो ना."

बाईंनी भिंग काढून घड्याळजींच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "नियमात जमिनीच्या वर दिसायला हवं, असं आहे. पुढच्या रविवारी मी परत येईन. दिसलं तर तुमचं. नाही तर ह्यांचं."

"बाई, म्हणजे माझं पुन्हा पुढे ढकललं!" कुंपणावरून पुढचा नंबर ओरडला.

"तू वर्गातही मधेच बोलायचास," बाई वळूनही न बघता म्हणाल्या.

ही हकिकत वहिनींना सांगायला घड्याळजी मला घेऊन गेले. एकट्याची हिंमत नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं, चिमट्यासकट. वहिनी पलंगावर पाय पसरून ऐकत होत्या. मला वाटलं, आता काठी उडणार.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमच्या दुकानात कुणी चांगलं चालू घड्याळ घेऊन आलं आणि म्हणालं, जरा उघडून बघा, तर काय करायचात?"

"हाकलून द्यायचो. चालू घड्याळ उघडायचं नाही. धूळ जाते आत, आणि नसलेला बिघाड होतो. कितीदा सांगितलंय लोकांना."

"मग?"

"अगं, पण घड्याळ टिकटिकतं! कानाला लावलं की कळतं. हे मुकं. चालू आहे की बंद पडलंय, न उघडता कळणार कसं?"

"मी इतके दिवस इथे पडलेय," वहिनी म्हणाल्या. "मी कुठे टिकटिकतेय? मला बघता का रोज उघडून? हाड जुळलं की नाही म्हणून?"

जमिनीवरच्या घड्याळाचा लंबक तेवढा हलत होता.

"विचारलं होतं डॉक्टरांना," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "नको म्हणाले."

मग मात्र वहिनी इतक्या हसल्या की त्यांचा पाय दुखला, आणि पाय दुखला म्हणून त्या आम्हा दोघांवर ओरडल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी हुकूम सोडला, "पलंगाखालचा तो डबा काढा. बंद घड्याळांचा. उद्यापासून तो घेऊन बागेत बसायचं. पाणी घालायचं आणि हात डब्यात घालायचे, मातीत नाही. तुमचे हात रिकामे राहिले की मला धडकी भरते. आणि ताई, तुम्ही लक्ष ठेवा."

तो आठवडा मी विसरणार नाही. पालथ्या घातलेल्या खोक्यावर घड्याळजी, मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये सुटी चाकं. मी माझ्या घेवड्याआड. त्यांचा हात हळूहळू ट्रेवरून खाली, मातीकडे सरकू लागला की मी खाकरायची. प्रॉम्प्टरच्या खाकरण्यात जेवढा धाक असतो तेवढा पोलिसाच्या शिट्टीत नसतो. हात परत वर जायचा.

बातमी पसरली तसे लोक कपाटांतून बंद घड्याळं काढून आणू लागले. परवा या, म्हणायची सोय नव्हती, कारण सगळे शेजारच्याच तुकड्यांवर, डोक्यावर उभे. घड्याळं हातोहात दुरुस्त होऊ लागली. मोठ्या बाईंच्या शाळेचं घड्याळ डब्यातच सापडलं, तेही चालू झालं. एके दिवशी पुढचा नंबर कुंपणाच्या आत आला, तोंड फिरवून उभा राहिला आणि जुना कॅमेरा पुढे केला. "अडकलाय. जमेल का? नाही म्हणजे… तुमच्या जागेवर माझा डोळा आहे, ते वेगळं."

"डोळ्याचं मी काही करू शकत नाही," घड्याळजी म्हणाले. "कॅमेरा ठेवा."

तो त्यांच्या शेजारी बसून राहिला. निघताना कॅमेरा खटकन वाजला तेव्हा त्याने पहिला फोटो त्या सपाट जमिनीचाच काढला. फोटो काढायला खाली वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"काका," तो म्हणाला. "अरेरे. आलं हो."

मातीला एक बारीक तडा गेला होता आणि त्यातून मान वाकवून काहीतरी हिरवं बाहेर येत होतं. घड्याळजी खोक्यावरून उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, एका हाताने दुसरा मनगटाशी घट्ट धरला, आणि तसेच बसून राहिले.

रविवारी मोठ्या बाई आल्या तेव्हा वर आलेलं बरंच होतं. पण पट्टीने आखलेली ती रांग कुठे गेली म्हणाल तर विचारू नका. काढताना-ठेवताना सगळी उलथापालथ झाली होती. इथे तिघांचा घोळका, तिथे लांबच लांब टक्कल, आणि गाजरांच्या जागेवर ऐटीत उभा एक वाटाणा. जे उगवलं नाही ते चिमट्याने मेलं होतं, आणि तेही बरंच होतं.

"ही काय रांग आहे?" बाईंनी छत्री रोखून विचारलं.

"दुरुस्तीनंतर काही भाग इकडेतिकडे होतात," घड्याळजी म्हणाले.

बाईंनी आपल्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, तेही घड्याळजींनीच चालू केलेलं होतं, आणि म्हणाल्या, "ठीक."

वाटाणा फुलावर यायच्या वेळेला वहिनी फाटकापर्यंत आल्या नाहीत. जिन्यानेच त्यांना बराच काळ अडवलं. फुलं गेली, शेंगा धरल्या, त्या शेंगा घड्याळजींनी पिशवीत भरून घरी नेल्या. पण गाजरं जमिनीत होती, आणि एका उन्हाच्या सकाळी फाटक करकरलं. आधी काठी आत आली, मग वहिनी. मी झारी खाली ठेवली. काही प्रवेशांना संवाद नसलेलेच बरे. त्या एकेक पाऊल टाकत आपल्या तुकड्यापाशी आल्या, घड्याळजींनी पुढे सरकवलेल्या स्टुलावर बसल्या, धाप जिरवली आणि त्या वेड्यावाकड्या हिरव्या गर्दीकडे बघत राहिल्या. डोळे भरून बघितलं. घड्याळजी खोक्यावर बसून, भिंग लावून, कुणाच्या तरी गजराच्या घड्याळात मान घालून होते. वर बघायचं त्यांनी मुद्दामच टाळलं असावं.

मग वहिनी पुढे वाकल्या. गाजराचा एक तुरा मुठीत धरला आणि खाली कितपत जाड झालंय ते बघावं म्हणून ओढणार, तोच घड्याळजी भिंगातला डोळा न हलवता म्हणाले,

"अगं, उघडू नकोस. चालू आहे."